सर्व्हरला म्हणे सोवळं लागतं!

ऐकलंत का, हल्ली चांगल्या घरातले सर्व्हर स्वतःजवळ काही म्हणजे काही ठेवत नाहीत! तुम्ही फोटो चढवा, पत्रिका चढवा, आधार कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत चढवा. सर्व्हरनं ती हातात घेतली न घेतली तोच पलीकडे सरकवायची आणि मोकळं व्हायचं. ‘आमच्या फाइली सर्व्हरच्याच डिस्कवर एका फोल्डरात आहेत’ असं हिंजवडीच्या कुठल्याही कँटीनमध्ये जरा मोठ्यानं बोलून बघा. चोविशीतली पोरं अशी दचकतात, की जणू तुम्ही पारोशानं देवघरात शिरलात. “तुमचं ॲप स्टेटलेस नाहीये?” हे ती ज्या सुरात विचारतात ना, त्या सुरात पूर्वी “तुमच्याकडे कांदा-लसूण चालतो वाटतं?” असं विचारायचे.

या सोवळ्याला शास्त्राधारही आहे बरं का. २०११ च्या सुमारास लोकांची ॲप्स चालवून देणाऱ्या हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ नावाची बारा कलमं मांडली. त्यातलं सहावं कलम म्हणतं, की प्रोसेसनं स्वतःजवळ काही साठवायचं नाही, शेजारच्या प्रोसेसशी काही वाटून घ्यायचं नाही. टिकवण्याजोगं जे असेल ते बाहेरच्या सेवेकडे सोपवायचं. आणि हेरोकूवाले नुसतं सांगून थांबले नाहीत. तिथला ‘डायनो’, म्हणजे ॲप चालवणारा डबा, दिवसातून निदान एकदा नव्यानं सुरू होतो आणि त्याच्या डिस्कवर जे काही लिहिलं असेल ते साफ पुसलं जातं. रोजची आंघोळच म्हणा ना! ज्यांनी कलमं न वाचताच दुकान मांडलं, त्यांच्या गिऱ्हाइकांनी संध्याकाळी चढवलेल्या फोटोंच्या जागी सकाळी तुटक्या चौकटी. पुढे क्युबरनेटिस आलं आणि हाच आचार घरोघरी गेला. पॉड गेला की त्याच्या पोटातली फाइलही गेली. रडायचं नाही.

आता ज्यांच्यावर रोज लाखोंची झुंबड उडते त्यांनी हे पाळावं, माझं काही म्हणणं नाही. पण वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त चढवणाऱ्या गृहनिर्माण सोसायटीलाही हल्ली तीन सर्व्हर, पुढे लोड बॅलन्सर, मागे फाइलींसाठी बकेट आणि बाजूला सीडीएन हवा असतो. का? तर शेजारच्या सोसायटीनं केलंय.

मुळात फाइल चढवायची सोय झाली तिथेच ही भानगड सुरू झाली. १९९५ च्या नोव्हेंबरात झेरॉक्समधल्या दोघांनी आरएफसी १८६७ लिहून सुचवलं, की वेबवरच्या फॉर्मातून मजकुराबरोबर फाइलही धाडता यावी. धाडायची कशी ते त्यात आहे. आलेली फाइल ठेवायची कुठे, हे ज्याचं त्यानं बघायचं. एकच सर्व्हर असेल तर त्यात बघण्यासारखं काही नसतंच. ‘अपलोड्स’ नावाचं फोल्डर करायचं, त्यात टाकायची, तिथूनच दाखवायची. वर्डप्रेस आजही मुकाट्यानं वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं फोल्डर असं करत बसतं, आणि जगाचं चाललंय.

खरी मजा दुसरा सर्व्हर आला की सुरू होते. समजा, एक वधूवर सूचक मंडळ आहे. तुळशीचं लग्न लागलं, साइटवर गर्दी वाढली, म्हणून मंडळानं दुसरा सर्व्हर घेतला आणि पुढे लोड बॅलन्सर बसवला. तो येणाऱ्याला आळीपाळीनं पहिल्याकडे किंवा दुसऱ्याकडे पाठवतो. मुलीच्या वडिलांनी फोटो चढवला, तो पडला पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर. त्यांना फोटो दिसला, समाधान वाटलं. मुलाची आत्या तिकडे नाशकात साइट उघडून बसली, ती गेली दुसऱ्या सर्व्हरवर. डेटाबेस दोघांचा एकच, त्यामुळे मुलीचं नाव, शिक्षण, उंची, गोत्र, सगळं जागच्या जागी. फोटो मात्र नाही! आत्यानं काय अर्थ काढला असेल ते मी सांगायला हवं का? तिनं पान पुन्हा उघडलं तर फोटो हजर. मुलाच्या आईला दाखवायला फोन पुढे केला तर पुन्हा गायब. आता मुलीकडचे फोटो टाकतात आणि काढतात, अशी बोलवा दोन तासांत साऱ्या नातेवाइकांत. आणि दोष कुणाचा? एका निर्जीव डिस्कचा, जिला आपल्याला जुळी बहीण झाल्याचं कुणी सांगितलंच नाही.

यावरचा पहिला उपाय ऐकाल तर कपाळाला हात लावाल. म्हणे ‘स्टिकी सेशन’ लावा. म्हणजे ज्या सर्व्हरवर माणूस एकदा गेला त्याच्याशीच त्याची कुकीनं गाठ मारून टाकायची. झालं! मुलीच्या वडिलांना आता फोटो कायमचा दिसतो आणि आत्याला कायमचा दिसत नाही. आधी निदान मधूनमधून तरी दिसायचा.

मग कुणीतरी आर-सिंकचं नाव काढतं. आर-सिंकबद्दल मी वावगा शब्द ऐकून घेणार नाही. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी जे करून ठेवलंय त्याला तोड नाही. फाइलचा बदललेला तेवढाच भाग तारेवरून न्यायचा, ही किमया आहे. पण तो बिचारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायला जन्मलेला. आमची मंडळी क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, अशा दोन ओळी घालून झोपायला जातात. पुढचं ऐका. एका मुलीचं लग्न ठरलं, तिनं पहिल्या सर्व्हरवरून आपला फोटो काढला. पाच मिनिटांनी दुसऱ्यावरची प्रत परत आली आणि फोटो जिवंत! तिनं पुन्हा काढला, पुन्हा आला. होणाऱ्या सासूबाईंनी बघितला तर काय म्हणतील? बरं, ‘इथे नसेल ते तिथलंही पुसून टाक’ असा डिलीटचा पर्याय लावला, तर दुसऱ्या सर्व्हरवर आत्ताच आलेला नवाकोरा फोटो पहिल्यावर नाही म्हणून पुसला जातो. म्हणजे लग्न ठरलेलीचा जात नाही आणि न ठरलेलीचा राहत नाही.

त्यात सगळे उमेदवार आपल्या फोटोला ‘फोटो डॉट जेपीजी’ असंच नाव देतात. दोन सर्व्हरवर एकाच मिनिटाला दोन ‘फोटो डॉट जेपीजी’ आले आणि सिंक झालं, की उरतो एकच. सांगलीच्या इंजिनिअरच्या माहितीवर साताऱ्याच्या दंतवैद्याचा चेहरा. यावर औषध फार साधं आहे: आलेल्या फाइलला आपणच एक लांबलचक, पुन्हा कधी न येणारं नाव द्यायचं आणि मूळ नाव डेटाबेसात टिपून ठेवायचं. एका सर्व्हरवर असतानाच केलं असतं तर बरं, पण तेव्हा कुणाला सुचतं!

आता एनएफएस. या नावाला पोरं जे नाक मुरडतात, ते बघून मला हसू येतं. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं आणलेली ही सोय: फाइली एका यंत्रावर, आणि बाकी सगळ्यांना त्या आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दिसतात. वयानं यातल्या बहुतेक पोरांहून मोठी. आता तिचेही नखरे आहेत, नाही कोण म्हणतं? फाइली सांभाळणारा सर्व्हर बसला, की त्याच्याकडे डोळे लावून बसलेले सगळे वेब सर्व्हर एकदम मूग गिळतात. चूकही सांगत नाहीत, नुसते थांबून राहतात. जुन्या लिनक्सवर तर अशी अडकलेली प्रोसेस ‘किल मायनस नाइन’लाही दाद द्यायची नाही, यंत्रच बंद करून चालू करावं लागायचं. आणि तिसऱ्या आवृत्तीच्या नेहमीच्या मांडणीत फाइलचा मालक नावानं नव्हे, क्रमांकानं ओळखायचा. डेबियनवर वेब सर्व्हरचा वापरकर्ता ३३, रेड हॅटवर अपाची ४८. एक यंत्र या घराण्याचं आणि एक त्या घराण्याचं घेतलंत, की एकानं लिहिलेली फाइल दुसऱ्याला शिवायची परवानगी नाही. घ्या!

पण मी म्हणते, ज्या फेसबुकचं नाव घेऊन तुम्ही क्लस्टर मांडता, त्या फेसबुकचे फोटो आधी होते कुठे? एनएफएसवरच! २०१० मध्ये त्यांच्याच इंजिनिअरांनी ‘हेस्टॅक’ या नव्या व्यवस्थेवरच्या निबंधात ते सांगून टाकलंय. तेव्हा त्यांच्याकडे ६५ अब्ज फोटो होते, प्रत्येकाच्या चार आकारांतल्या प्रती धरून २६० अब्ज प्रतिमा, वीस पेटाबाइटच्या वर माल. आणि दर आठवड्याला एक अब्ज नव्यांची भर. त्यांना सोडावं का लागलं, तेही खुसखुशीत आहे. एका फोल्डरात हजारो फाइली ठेवल्या तर एक फोटो वाचायला डिस्कवर दहाहून अधिक खेपा व्हायच्या. फोटो वाचायच्या नव्हेत हो, फोटो आहे कुठे, त्याचा मालक कोण, परवानग्या कुठल्या, हा सगळा पंचनामा करायच्या! फोल्डरात शेकड्यांनीच ठेवल्यावरही तीन खेपा उरल्याच. शेवटी त्यांनी लाखो फोटो एकाच अगडबंब फाइलीत पाठोपाठ चिकटवले, कुठला फोटो कुठे सुरू होतो एवढीच नोंद मेमरीत ठेवली आणि एका खेपेत काम भागवलं. तुमच्या मंडळाचे फोटो किती? चारशे? मग जाऊ दे.

डेटाबेसातच फोटो कोंबणारा एक पंथ आहे, त्यांना सगळे वेड्यात काढतात. इतके काही ते वेडे नाहीत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सीअर्स, व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ मध्ये मोजून बघितलं होतं: २५६ किलोबाइटहून लहान वस्तू असेल तर डेटाबेस सरस, एक मेगाबाइटच्या वर गेली की फाइल सिस्टिम, आणि मधल्या पट्ट्यात परिस्थिती बघून. पत्रिकेची पानं डेटाबेसात सुखानं नांदतील. फक्त बॅकअप घेणाऱ्याचे शिव्याशाप ऐकायची तयारी हवी.

आणि त्याच २००६ सालच्या १४ मार्चला ॲमेझॉननं एस-थ्री ही फाइली ठेवायची सेवा काढली. महिन्याला गिगाबाइटमागे पंधरा सेंट. तिथूनच या सगळ्या सोवळ्याला राजाश्रय मिळाला. तिथली बकेट म्हणे अथांग आहे. फाइल टाका, नाव सांगा, परत मागा. ती हरवू नये म्हणून टिकाऊपणाचे अकरा नऊ: ९९.९९९९९९९९९ टक्के. मला तर त्या नवांची रांग बघूनच भरून येतं. पुढे २०१६ च्या जूनमध्ये ॲमेझॉननं मुंबईतही आपला प्रदेश उघडला आणि पुण्याच्या पोरांना सिंगापूरला फाइली धाडायचीही गरज उरली नाही. मग काय विचारता! ज्याच्या-त्याच्या तोंडी बकेट.

खरं सांगायचं तर बकेटची कल्पना मला पटते. दुसरा सर्व्हर आला, की फाइलीचा पत्ता एकच असायला हवा, आणि तो कुठल्याही वेब सर्व्हरच्या पोटात असून भागत नाही. मग तो पत्ता बकेटचा असो, नाहीतर एनएफएसवाल्या यंत्राचा. माझा राग आहे तो मिरवण्यावर. बकेट घेतात आणि तिला फोल्डर समजतात. आत फोल्डर नसतातच! तिरक्या रेघा असलेलं एक लांब नाव तेवढं असतं, बाकी सगळा डोळ्यांचा खेळ. हजारो फाइलींच्या ‘फोल्डर’चं नाव बदलायला जातात आणि मग कळतं, की एकेका फाइलीची प्रत काढून जुनी पुसावी लागतेय. आणि २०२० च्या डिसेंबरपर्यंत तर असं होतं, की असलेल्या फाइलीवर नवी टाकलीत तर काही काळ जुनीच हाती येऊ शकायची. म्हणजे मुलानं नवा फोटो चढवला तरी आत्याला जुना, केस असतानाचा! अर्थात वधूवर मंडळात हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

काहींनी बकेटा उघड्या टाकल्या ते किस्से तर विचारूच नका. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेत डीप रूट ॲनालिटिक्स या कंपनीची बकेट सताड उघडी सापडली. आत सुमारे १९ कोटी ८० लाख अमेरिकी मतदारांची माहिती. कुलूप फोडावं लागलं नाही, पासवर्ड चोरावा लागला नाही. पत्ता माहीत असणाऱ्यानं नुसतं आत जायचं. असे प्रकार इतके झाले, की २०२३ च्या एप्रिलपासून ॲमेझॉननं नव्या बकेटांची दारं मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे सोवळं किती कडक, तर सर्व्हरनं फाइलीला शिवायचं नाही, आणि साऱ्या गावानं येऊन चिवडली तरी चालेल!

एवढ्यावर भागलं नाही. २०१७ च्याच २८ फेब्रुवारीला बिलिंगची अडचण शोधणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं आज्ञा देताना त्यातली एक बाब चुकीची टाकली, काढायचे त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले आणि व्हर्जिनियातलं एस-थ्री सुमारे चार तास आडवं झालं. निम्म्या इंटरनेटवरचे फोटो गायब. पण यातला मसाला वेगळाच आहे. ‘आमची सेवा बंद आहे’ असं सांगणारा ॲमेझॉनचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे सगळं बंद असताना तो हिरवागार! मी तर चाटच पडले.

बरं, फाइल ठेवली, पण वाढायची कुणी? इथेही आचारधर्म आहे. पीएचपीच्या किंवा पायथनच्या वर्करनं फाइल स्वतः उचलून गिऱ्हाइकाच्या हाती दिली, तर कोकणातल्या घाटात एक काडी रेंज असलेल्या मामांना वीस एमबीचा परिचय-व्हिडिओ उतरवून होईपर्यंत तो वर्कर अडकून पडतो. असे दहा मामा झाले, की साइट बसली. एनजिनएक्सवाल्यांनी यावर जुनाच, पण देखणा तोडगा ठेवलाय: ॲपनं फक्त बघायचं, की या माणसाला ही फाइल दाखवायची का, आणि ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ असा एक हेडर लावून बाजूला व्हायचं. ओझं एनजिनएक्स वाहतो. तपासणी एकाची, हमाली दुसऱ्याची. लाइटटीपीडीमध्ये यालाच एक्स-सेंडफाइल म्हणतात. इतकी साधी गोष्ट, पण हिची चर्चा कुठल्याही परिषदेत ऐकू येत नाही. साधी आहे ना!

बकेटवाल्यांचा याच धर्तीचा प्रकार म्हणजे सही केलेला दुवा. ठरावीक वेळेपुरता चालतो, नव्या पद्धतीच्या सहीनं फार तर सात दिवस. ‘फक्त पसंती कळवलेल्यांनाच फोटो दिसेल’ असं मंडळ छातीठोक सांगतं, आणि दुवा सात दिवसांचा देतं. त्या दुव्यावर माणसाचं नाव नसतं हो! ज्याच्या हाती पडला त्याला चालतो. आत्यानं तो ‘आपलं कुटुंब’ गटावर टाकला, की सात दिवस पासष्ट माणसं मुलगी बघणार. दहा मिनिटांचा दिला असता तर काही बिघडलं असतं का?

सर्वांत गमतीची बातमी शेवटी ठेवलीय. ज्यांनी ही फॅशन आणली, त्यांतले काही आता घरी परततायत. ड्रॉपबॉक्सनं २०१६ मध्ये जाहीर केलं, की वापरकर्त्यांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक फाइली एस-थ्रीवरून आपल्याच यंत्रांवर आणल्या. पुढे शेअर बाजारात उतरताना त्यांनी दाखवलेली दोन वर्षांतली बचत साडेसात कोटी डॉलरच्या घरातली. मग २०२२ च्या ऑक्टोबरात ३७सिग्नल्सचे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी क्लाउड सोडत असल्याचं जगजाहीर केलं आणि त्या वर्षीचं बत्तीस लाख डॉलरचं बिलही सगळ्यांसमोर मांडलं. सर्व्हर आधी हलवले, फाइली सगळ्यांत शेवटी. बाहेर काढताना गिगाबाइटमागे मोजावे लागणारे पैसे हा फाइलींचा जुना जाच. तोही ॲमेझॉननं २०२४ च्या मार्चमध्ये कायमचं सोडून जाणाऱ्यांना माफ केला.

आणि घरी परतून ३७सिग्नल्सनं काय केलं असेल? पुन्हा आपलं ‘अपलोड्स’ नावाचं फोल्डर? छे! घरच्या रॅकमध्येही एस-थ्रीच्याच पद्धतीनं बोलणारे डबे विकत आणले. ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांच्यासाठी मिनिओ आलं, तेही एस-थ्रीचंच व्याकरण बोलणारं. आणि ते काढणाऱ्यांत कोण, तर ज्यांनी आधी ग्लस्टर काढून २०११ मध्ये रेड हॅटला विकलं तेच आनंद बाबू पेरियासामी. ग्लस्टरनं सगळ्या सर्व्हरांच्या डिस्का मिळून एक मोठं फोल्डर दाखवायचं व्रत घेतलं होतं. मिनिओत फोल्डरचं नावच नाही. ॲमेझॉनला महिन्याचं भाडं देणं थांबलं, पण फाइल मागायची ती अजून ॲमेझॉननं २००६ मध्ये घालून दिलेल्या शब्दांतच.